एका एन्ट्रीचा व्हिसा

२४ सप्टेंबर २००५, शनिवार. पाच पौंड बटाटे उकडून झाले होते आणि मी ते गरम असतानाच सोलत बसले होते. गार झाले की साल धड निघत नाही. संध्याकाळी सहाला तीन जोडपी यायची होती. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या मराठी लोकांत एक रिवाज पडून गेला होता. जो कोणी लांब कुठे फिरून येईल, त्यानं बाकीच्यांना घरी बोलवायचं, खायला घालायचं आणि टीव्हीवर फोटो दाखवायचे. वडे चांगले असले तर लोक दोनशे फोटोसुद्धा जांभई न देता बघतात.

आम्ही ऑगस्टच्या शेवटी आठ दिवस व्हिएन्नाला जाऊन आलो होतो. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि मुलीशिवाय दोघंच असे पहिल्यांदा बाहेर पडलो होतो. मुलगी कोलंबसला युनिव्हर्सिटीत शिकत होती. ती दुपारीच घरी आली होती आणि बाहेरच्या खोलीत लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडत होती.

नवरा स्वयंपाकघरात आला आणि न सांगता बटाटा सोलायला लागला. तेव्हाच मी ओळखलं की हा काहीतरी मागायला आलाय.

“ब्रातिस्लावाचे फोटो काढून टाक ना त्यातले,” तो म्हणाला. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होता.

मी म्हटलं, लोक विचारतील. एका दिवसात दोन देश केले, असं तूच सगळ्यांना फोन करून सांगितलंस. नागपूरला तुझ्या दादांनाही सांगितलंस.

त्यानं जरा विचार केला. “मग राहू देत. मी बोलतो त्यांच्यावर. तू फक्त मध्ये काही बोलू नकोस. एवढं कर.”

मी बरं म्हटलं. तो गेला. त्यानं सोललेल्या बटाट्यावर अर्धी साल तशीच होती, ती मी काढली.

ते फोटो त्यानं काढलेले नव्हते आणि त्यातलं एकही ठिकाण त्यानं पाहिलेलं नव्हतं. ब्रातिस्लावाला मी एकटी गेले होते. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

आमच्या घरात दोन देशांचे पासपोर्ट होते. त्याचा भारताचा, माझा अमेरिकेचा. मी २००२ साली नागरिकत्व घेतलं. लॅबमधल्या नोकरीत वरची जागा हवी होती आणि त्या जागेला ते लागत होतं, इतकं साधं कारण होतं. नवऱ्यानं घेतलं नाही. न घेणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्यानं त्याचा झेंडा केला. कुठेही चार मराठी माणसं जमली की तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “आमच्या घरी एक फॉरेनर राहते बरं का. हिनं आई बदलली.” लोक हसायचे. मीही पहिल्या एकदोन वेळा हसले. ज्या वर्षी मी शपथ घेतली त्याच वर्षी मिरजेला माझी आई गेली होती. ते त्याला माहीत होतं. विनोद चांगला चालतोय म्हटल्यावर त्यानं तो बदलला नाही. तीन वर्षं तोच विनोद, तेच बोट.

युरोपला जायचं ठरलं तेव्हा मला व्हिसाची गरज नव्हती. त्याला होती. फॉर्म त्यानं स्वतः भरला, मला हात लावू दिला नाही. किती वेळा प्रवेश हवा या रकान्यात त्यानं ‘एकदा’वर खूण केली. युरोपला एकदाच तर जायचंय, हा त्याचा हिशेब. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा रेल्वेनं तासाभरावर आहे, एक दिवस तिकडे जाऊन येऊ, हाही बेत त्याचाच. स्लोव्हाकिया आदल्याच वर्षी युरोपियन युनियनमध्ये आला होता. त्यामुळे आता सगळा युरोप एकच झालाय, असं तो मला समजावून सांगायचा. तो एकच व्हायला त्या वेळी अजून दोन वर्षं बाकी होती. दुसऱ्या देशात शिरायला भारतीय माणसाला वेगळा व्हिसा लागत होता. आणि ऑस्ट्रियातून एकदा बाहेर पडलं की ती एक एन्ट्री संपली, परत यायचं दार बंद.

हे मला ब्रातिस्लावाला निघायच्या आदल्या दिवशी कळलं. आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते.

त्या दिवशी दुपारी व्हिएन्नात एका भारतीय हॉटेलात जेवताना पुण्याचं एक जोडपं भेटलं. टूरबरोबर आलेले, साधे लोक. आम्ही त्यांच्याच टेबलावर बसलो. बाईंनी मला विचारलं, माहेर कुठलं. मी सांगायच्या आत नवरा म्हणाला, “हिला माहेर विचारू नका. हिनं आई बदलली.” त्या बाईंना विनोद कळला नाही, त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. मग त्यानं त्यांना तो समजावून सांगितला.

संध्याकाळी मी खोलीत दोघांचे पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये ठेवत होते. त्याच्या व्हिसाच्या स्टिकरवर एकचा आकडा दिसला. खाली रिसेप्शनवर ब्रातिस्लावाची माहितीपुस्तिका पडलेली होती, ती मी आणून वाचली. शेवटच्या पानावर व्हिसाचं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात पण स्पष्ट. तो अंघोळीला गेला होता. बाहेर आल्यावर मी पुस्तिका त्याच्या हातात दिली. त्यानं किल्ल्याचं पान वाचलं, जुन्या चौकाचं पान वाचलं आणि ती बाजूला ठेवली. मी काही बोलले नाही. सकाळी नाश्त्यालाही बोलले नाही. सांगायचं राहून गेलं असं म्हणता येणार नाही. सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं.

गाडी सरहद्दीच्या आधीच्या शेवटच्या स्टेशनावर थांबली आणि दोन अधिकारी डब्यात चढले. माझा पासपोर्ट बघून त्यांनी लगेच परत दिला. त्याचा हातात धरून ठेवला. त्यातला तरुण अधिकारी इंग्रजीत अगदी नम्रपणे म्हणाला की तुम्हाला पलीकडे घेणार नाहीत, आणि घेतलं तरी मग तुम्हाला इकडे परत येता येणार नाही, तेव्हा इथेच उतरलेलं बरं. नवऱ्यानं आधी ग्रीन कार्ड दाखवलं. मग ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. मग आपण वीस वर्षं अमेरिकेत राहतो असं सांगितलं. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडे हात केला. समोरच्या बाकावर एक म्हातारी आलुबुखाराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती नवऱ्याकडे बघत होती आणि एकेक फळ खात होती.

नवरा उठला. “चल,” तो मला म्हणाला आणि दाराकडे निघाला. मी उठले नाही. तो मागे वळला. “अगं चल ना, गाडी सुटेल.”

“तू उतर. मी जाऊन येते.”

“एकटी?”

“मला अडवलेलं नाही त्यांनी.”

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग नाही वाटलं. अधिकारी उभा होता, डब्यातले लोक बघत होते, आणि माझ्या नवऱ्याला लोकांसमोर बायकोशी वाद घालणं जमत नाही. लोकांसमोर त्याला फक्त विनोद जमतात. तो उतरला. मी खिडकीतून त्याला सांगितलं की पहिल्या परतीच्या गाडीनं येते, फार तर दोन तास, इथेच थांब. तो थांबला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पैसे, हॉटेलची किल्ली आणि परतीची दोन्ही तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. आमचे अमेरिकेतले मोबाइल तिकडे चालत नव्हते.

गाडी सुटल्यावर वर फळीवर पराठ्यांची पिशवी दिसली, आदल्या दिवशी त्या भारतीय हॉटेलातून बांधून आणलेली. तीही माझ्याकडेच राहिली होती.

ब्रातिस्लावा मला आवडलं. मुद्दाम आवडवून घेतलं असं नाही. लहान आहे, पायी हिंडता येतं. किल्ला टेकडीवर आहे, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरूज. तिथले लोक त्याला उलटं ठेवलेलं टेबल म्हणतात आणि ते खरंच तसं दिसतं. वरून डॅन्यूब दिसते, रुंद आणि मळकट. पुलाच्या खांबांवर तबकडीसारखं हॉटेल बसवलेलं आहे. जुन्या गावात एका कोपऱ्यावर गटाराच्या झाकणातून एक ब्राँझचा माणूस अर्धा बाहेर आलेला आहे, हाताच्या घडीवर हनुवटी टेकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत हसतोय. त्याच्याशेजारी मी एका जपानी मुलीकडून माझा फोटो काढून घेतला. एरवी नवऱ्याबरोबर कुठलंही ठिकाण बघताना आधी इतिहास, मग क्षेत्रफळ, मग माझी फोटोसाठी उभी राहायची जागा, हे सगळं ऐकावं लागायचं. त्या दिवशी ऐकावं लागलं नाही.

पहिली परतीची गाडी मी सोडली. दुसरी गाठायला स्टेशनाच्या रस्त्याला लागले होते, पण वाटेत एका ठिकाणी पावाच्या पोकळ गोळ्यात लसणीचं सूप देत होते, तिथे बसले. सूप संपल्यावर पावही खाल्ला. तो आता काय करत असेल याचा विचार आला. बसला असेल, असं मनात म्हटलं आणि कॉफी मागवली. पराठे तसेच होते. नदीकाठच्या बाकावर त्यातले दोन मी खाल्ले, भूक नव्हती तरी.

त्या स्टेशनावर मी उतरले तेव्हा साडेसहा तास झाले होते. तो बाकावर बसला होता, रुमाल डोक्यावर घेऊन, कारण ऊन फिरून बाकावर आलं होतं. तिकीटखिडकी दुपारीच बंद झालेली, आसपास दुकान नाही. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला नाही. “उशीर झाला,” एवढंच म्हणाला. मी पराठे पुढे केले, त्यानं मान हलवली. व्हिएन्नाच्या गाडीत अर्धा रस्ता गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आपण दोघं गेलो होतो. काय?”

मी बरं म्हटलं. म्हणजे बटाटे सोलताना दिलेला शब्द दुसरा होता. पहिला मी गाडीतच दिला होता.

सहाला लोक आले. दोन जोडपी नेहमीची. तिसरं जोडपं म्हणजे त्याचा जुना रूममेट आणि त्याची बायको. हा रूममेट आणि माझा नवरा शिकायला आले तेव्हा एका खोलीत राहायचे, एकाच पातेल्यात खिचडी करायचे. त्यानंही नागरिकत्व घेतलं होतं आणि त्यालाही नवरा सोडत नसे. भेटला की त्याला साहेब म्हणून कडक सलाम ठोकायचा. ब्रातिस्लावाची खरी गोष्ट ज्या एका माणसाला कळू नये असं नवऱ्याला वाटत होतं, तो हा.

वडे संपले, चहा झाला, मुलीनं दिवे मंद केले. व्हिएन्नाचे फोटो नवऱ्यानं नीट सांगितले. राजवाडे, बागा, इतिहास, क्षेत्रफळ. त्यानंतर ब्रातिस्लावा आलं. मी दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. खरं सांगायचं तर त्यानं सुरुवात चांगली केली.

“हा किल्ला. उलटं ठेवलेलं टेबल म्हणतात त्याला. वर चढताना हिचा दम निघाला, मध्ये दोनदा बसली.”

माझ्याकडे बघून सगळे हसले. मी न बसता चढले होते. काही बोलले नाही.

गटारातला माणूस आला तेव्हा तो अडखळला. पुस्तिकेत त्या माणसाचा फोटो नव्हता. “हा... युद्धातला सैनिक आहे,” तो म्हणाला. “खंदकातून लढताना गेला, त्याचं स्मारक.”

“पण हसतोय की तो,” रूममेटची बायको म्हणाली.

“शूर लोक हसतच जातात, वहिनी.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला पुढचा फोटो लाव अशी खूण केली. सुपाचा फोटो आला. सूप मला झेपलं नाही आणि त्यानं ते संपवलं, असं त्यानं सांगितलं. मी ऐकत होते. त्याचा दिवस माझ्या दिवसापेक्षा रंगला होता. तो असाच आणखी दहा फोटो बोलला असता, लोक उठले असते, आणि मीही दिलेला शब्द पाळला असता, असं मला वाटतं.

पण रूममेटनं विचारलं, बॉर्डरवर तुझ्या इंडियन पासपोर्टला त्रास नाही झाला का?

“छे! माझा बघितला आणि थँक यू म्हणाला. हिचाच उलटासुलटा करून बघत होता. शेवटी मीच म्हटलं, साहेब, नीट बघून घ्या, हिनं आई बदललीय.” आणि बोट दाखवलं.

लोक हसत होते. मी हसणं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. मध्येच बोलले असते तर अर्ध्यांना ऐकू गेलं नसतं.

“तू त्या दिवशी तिथे नव्हतास,” मी म्हटलं.

मग मी सगळं क्रमानं सांगितलं, लॅबमधला रिपोर्ट सांगते तसं. एकदाच्या एन्ट्रीवर केलेली खूण सांगितली. अधिकाऱ्याला दाखवलेलं ग्रीन कार्ड सांगितलं, ड्रायव्हिंग लायसन्स सांगितलं. बाक, रुमाल, साडेसहा तास. सैनिक म्हणून दाखवलेला माणूस गटार साफ करणारा आहे, हेही सांगितलं. मी त्याला मुद्दाम जाऊ दिलं, ते सांगितलं नाही. नवरा टीव्हीसमोर रिमोट घेऊन उभा होता आणि सुपाचा फोटो त्याच्या पाठीमागे अर्धा झाकला गेला होता. त्यानं मला थांबवलं नाही. थांबवायला काही विनोद सुचला नसावा.

 मग रूममेटनं मांडीवर थाप मारली. “म्हणजे भारतमातेनं प्लॅटफॉर्मवर बसवलं होय रे तुला? साडेसहा तास?” आणि उठून त्यानं माझ्या नवऱ्याला कडक सलाम ठोकला. बाकीचे आधी चोरून, मग मोकळेपणानं हसले. नवराही हसायला गेला. ते जमलं नाही.

एकटी मुलगीच हसली नव्हती. “बाबा, डिड यू ईट एनिथिंग?” तिनं विचारलं.

“मला भूक नव्हती,” तो म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. मी पराठ्यांचं सांगितलं नव्हतं, पण प्रवासात पिशवी कोणाकडे असते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं लॅपटॉप बंद केला. अजून अकरा फोटो राहिले होते, ते कोणी मागितले नाहीत.

पुढच्या पंधरा मिनिटांत सगळे गेले. रूममेट जाताना दारात म्हणाला, “वहिनी, आजच्यासारखा कार्यक्रम झाला नाही बघा कधी.” त्याच्या बायकोनं त्याला ओढत नेलं.

नवरा ताटल्या उचलून आणून सिंकपाशी ठेवत होता. हे तो एरवी करत नाही. चौथ्या खेपेला तो थांबला.

“तुला आधीच माहीत होतं का?”

मी ताटली खरवडत होते. नाही म्हटलं असतं तर त्यानं ते मानलं असतं. त्याला मानायचंच होतं. मग चिडलेली बायको बोलून गेली, इतक्यावर निभावलं असतं.

“हो,” मी म्हटलं. “आदल्या संध्याकाळी बघितलं होतं.”

त्यानं मान हलवली, पराठे नको म्हणताना हलवली होती तशीच. हातातली ताटली खाली ठेवली आणि मुलीच्या शेजारच्या खोलीत, पाहुण्यांच्या पलंगावर झोपायला गेला. मी डिशवॉशर लावला.

सकाळी आठच्या सुमाराला फोन वाजला. रूममेटच होता. रात्री घरी गेल्यावर त्यानं म्हणे न्यू जर्सीतल्या आपल्या भावाला ही गोष्ट सांगितली होती, आणि तो भाऊ आता दुसऱ्या लाइनवर होता. त्याला ती माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकायची होती. “द्या ना त्याला, वहिनी, दोनच मिनिटं.” मागून कोणाचं तरी हसू ऐकू येत होतं.

तो अंघोळीला गेलाय, असं सांगता आलं असतं. झोपलाय, असंही सांगता आलं असतं. मुलगी जिन्यात उभी होती, आवरून, बॅग खांद्याला लावून. बाबा मला सोडायला येतील, असं तिनं मला आधीच सांगितलं होतं. तिनं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाली, मॉम, डोंट.

मी तिच्या शेजारून वर गेले, पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि फोन त्याच्या हातात दिला. कोणाचा आहे ते सांगितलं. मग खाली येऊन कढईतलं तेल गाळलं आणि बरणीत भरून ठेवलं.